परसदारी रिसॉर्ट

व्यापारी कुटुंबांची घरे पेठेतून बाहेर पडली, त्यालाही आता बराच काळ लोटला. सांगली, जयसिंगपूर, बारामती, लातूर, जळगाव, कोणतेही पेठेचे गाव घ्या. दुकान बाजारात राहिले आणि घर नव्या वसाहतीतील प्लॉटवर गेले. प्लॉटबरोबर एक गोष्ट आपसूक पदरी पडली, ती म्हणजे घरामागची मोकळी जागा. पेठेतील चौसोपी घराला अंगण होते, माडी होती, तळघरात मालही होता. पण मागे एवढी हवा नव्हती. आता या जागेचे काय करायचे, असा प्रश्न बंगल्याचा स्लॅब पडताच घरात उभा राहतो. उत्तर बहुधा कोणाच्या तरी मोबाईलमध्ये तयार असते. गेल्या वर्षी एखाद्या नातलगाच्या लग्नासाठी ज्या रिसॉर्टमध्ये तीन दिवस मुक्काम झाला, तेथील छायाचित्र. निळे पाणी, काठावर ताडासारखी झाडे, दगडी पायवाट, गवताचा गालिचा आणि संध्याकाळचे दिवे. लँडस्केप डिझायनरपुढे ते छायाचित्र ठेवले जाते आणि सांगितले जाते, ‘अगदी असेच हवे.’

मराठीत या जागेला परस म्हणतात. जुन्या परसात आड असे, आडाजवळ धुण्याचा दगड, मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ, कढीलिंब, अळूचा वाफा, तुळस, आणि एखादी जाई किंवा पारिजातक. तेथे कोणी विश्रांतीला जात नसे. परस ही कामाची जागा होती, आणि तिथले प्रत्येक झाड कोणाच्या तरी सांडपाण्यावर जगत असे. रिसॉर्टची बाग याच्या नेमकी उलट. तेथे काम दिसता कामा नये. धुण्याची दोरी नाही, गॅसची टाकी नाही, खरकट्याची बादली नाही. ती सारी एखाद्या कुंपणामागे असतात आणि पाहुण्याला त्यांचा पत्ता लागत नाही. घरात मात्र पाहुणा आणि कामकरी ही एकच माणसे असतात. परसदारी रिसॉर्ट उभारताना खरी अडचण येथे सुरू होते.

ही कल्पना आली कोठून, हे पाहणे उपयोगाचे आहे. पोहण्याचा तलाव, फरसबंदी आणि हिरवळ यांची घरामागे सांगड घालण्याची आधुनिक पद्धत रूढ झाली ती अमेरिकेतील कॅलिफोर्नियात. थॉमस चर्च या रचनाकाराने १९४८ मध्ये सोनोमा येथे डोनेल कुटुंबासाठी केलेली बाग तिचा प्रसिद्ध नमुना समजली जाते. मूत्रपिंडाच्या आकाराचा तो तलाव पुढे जगभर नकलला गेला. नक्कल करणाऱ्यांनी चर्चची दुसरी बाजू मात्र सोडून दिली. १९५५ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाचे नावच मुळी बागा माणसांसाठी असतात अशा अर्थाचे आहे. त्याचा भर कुटुंब कसे राहते, मुले किती, घरात काम कोण करते यावर होता; तलावाचा आकार ही त्यानंतरची गोष्ट होती. आशियातील रिसॉर्टांवर ज्यांचा ठसा दिसतो, त्यांत श्रीलंकेचे जेफ्री बावा अग्रगण्य. वकिली सोडून वास्तुरचनेकडे वळलेल्या या गृहस्थांनी बेंटोटाजवळील लुनुगंगा ही आपली बाग सुमारे पन्नास वर्षे घडवली. ज्या बागेकडे पाहून लोक तीन महिन्यांत काम पूर्ण करून मागतात, तिच्या मुळाशी अर्धशतक आहे, हे डिझायनरने पहिल्याच बैठकीत सांगून टाकावे.

छायाचित्रात आणखी एक गोष्ट दिसत नाही: माळ्यांची फौज. मोठ्या रिसॉर्टमध्ये पहाटे पाहुणे उठण्यापूर्वी पाने वेचली जातात, तलाव ढवळला जातो, सुकलेले रोप काढून मागच्या रोपवाटिकेतील ताजे तेथे बसवले जाते. घरी आठवड्यातून दोनदा येणारा एक माळी असतो, आणि तोही दिवाळीत गावी जातो. म्हणून रिसॉर्टमधील वस्तू उचलण्यापेक्षा तेथील मांडणी उचलावी. ती मांडणी थोडक्यात अशी: बाग एका नजरेत सगळी दिसू नये, वळण घेतल्यावर पुढचे दिसावे. झाडांचे प्रकार थोडे, पण प्रत्येकाचा समूह मोठा. सावली भरपूर. पाण्याचा आवाज एकाच ठिकाणी. बसण्याच्या जागेला पाठीशी भिंत किंवा झाड आणि समोर मोकळे. यांपैकी एकाही गोष्टीला पन्नास माळी लागत नाहीत.

डिझायनर निवडताना व्यापाऱ्याला वेगळे शिक्षण द्यावे लागत नाही; फक्त दुकानातील शहाणपण बागेत आणायचे असते. बहुतेक नर्सरीवाले ‘डिझाइन फुकट’ करून देतात. विकणाराच माप ठरवू लागला तर काय होते, हे आडतीवर बसलेल्या माणसाला सांगायला नको. जेथे पन्नास रोपे पुरतील तेथे दोनशे लागतात, आणि ती दाटीवाटीने लावली की पहिल्या वर्षी बाग भरलेली दिसते, तिसऱ्या वर्षी निम्मी उपटावी लागते. वास्तुशास्त्राच्या पदवीनंतर लँडस्केपचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले रचनाकार आज पुण्या-मुंबईत आहेत आणि लहान गावांतही कामे घेतात. त्यांची फी चौरस फुटावर, कामाच्या टक्केवारीवर किंवा एकरकमी ठरते. घरगुती बागेसाठी एकरकमी बरी, कारण टक्केवारीत खर्च वाढला की फीही वाढते. कागदावर मात्र सगळे हवे: जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा, पाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्या, आणि झाडांची यादी. त्या यादीत शास्त्रीय नाव, नग, लावतानाची उंची व पिशवीचा आकार असावा. ‘शोभेची झाडे, एकूण’ अशी ओळ म्हणजे कच्ची चिठ्ठी. मेलेले रोप किती महिन्यांपर्यंत बदलून मिळणार, हेही लिहून घ्यावे आणि शेवटच्या हप्त्यातील काही रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हाती ठेवावी.

उदाहरणासाठी एक घर धरू. सांगली बाजूचे गाव, हळदीचा व्यापार, एकत्र कुटुंब: आजी, दोन भाऊ, दोघांच्या सौभाग्यवती आणि चार नातवंडे, अशी नऊ माणसे. मागची जागा चाळीस फूट गुणिले पन्नास, म्हणजे २,००० चौरस फूट. नातवंडांना पोहण्याचा तलाव हवा आहे. धाकट्या भावाचाही त्याला पाठिंबा आहे. आजी विरोध करीत नाहीत. त्या एवढेच विचारतात, ‘त्या पाण्यात औषध रोज घालायचे का?’

प्रश्न साधा आहे, पण संपूर्ण आराखडा त्यावर उभा राहतो. तलावाचे पाणी स्वच्छ राहते ते त्यात काही जगू दिले जात नाही म्हणून. क्लोरीनचे कामच ते. पावसाळ्यात आठवडाभर दुर्लक्ष झाले तर पाणी हिरवे होते, आणि मग एकदम मोठी मात्रा टाकून ते पुन्हा निळे करावे लागते. जे घर प्यायचे पाणी गाळून घेते, गाळणीतील जिवाणी जपून पाण्याच्या मूळ ठिकाणी पोहोचवण्याची रीत ज्या घराने आजीच्या सासूकडून घेतली, त्या घरात हे दृश्य रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणार. अनर्थदंडविरती या गुणव्रताचे विवेचन करताना आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात प्रमादचर्येचा उल्लेख केला आहे; निष्कारण जमीन खणणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे हे सारे तिच्यात येते. गृहस्थाला आरंभ टाळता येत नाही, हे खरे. ‘निष्कारण’ या शब्दाचा निवाडा मात्र ज्याने त्याने आपल्या घरात करायचा असतो, आणि तो खणण्याआधी केलेला बरा.

थोरल्या भावाला धर्मापेक्षा हिशेब लवकर पटतो, असे समजू. तर हिशेबही मांडावा. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात ३८,४०० लिटर पाणी मावते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. त्या मापाने नऊ माणसांच्या या घराचे ते महिन्याभराचे पाणी झाले. त्यातून उन्हाळ्यात दख्खनच्या पठारावर उघड्या पाण्याची पातळी रोज सात-आठ मिलिमीटर खाली जाते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. बत्तीस चौरस मीटरच्या तलावातून रोज सव्वादोनशे ते अडीचशे लिटर पाणी नुसते उडून जाते. टँकरच्या दिवसांत हा आकडा कोणाच्याही डोळ्यांत भरेल. या बाजूला एक जमेची रक्कमही आहे आणि ती सहसा कोणी लिहीत नाही: दीडशे चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ऐंशी टक्के जरी धरला, तरी ७२,००० लिटर पाणी हाती येते. बागेवर होणारा पहिला खर्च तलावावर न होता छपराच्या पन्हळींवर आणि जमिनीखालील झाकलेल्या टाकीवर व्हावा, तो यासाठी.

आता नातवंडांचे काय? त्यांची हौस खोटी नाही, आणि ‘आपल्यात चालत नाही’ एवढ्या उत्तरावर त्यांना परत पाठवणे कोणत्याच आजीला रुचत नाही. चांगला डिझायनर येथे कामी येतो. बारा फूट गुणिले बारा फुटांचा खडबडीत दगडी चौक करावा, त्यात जमिनीतून उडणारी दोन-चार बारीक कारंजी बसवावीत, खाली जाळीने बंद केलेली पाचशे लिटरची टाकी. एप्रिल-मेमध्ये सकाळी टाकीत गाळलेले पाणी भरायचे, दुपारी मुलांनी मनसोक्त भिजायचे आणि संध्याकाळी तेच पाणी नळीने झाडांना सोडायचे. पाणी रात्रभर साठत नसल्याने औषध घालावे लागत नाही, आणि झाडांना ते पाणी तसेही द्यायचेच होते. उरलेले दहा महिने चौक कोरडा. अर्थात हे पोहणे नव्हे. मुलांना पोहता यायलाच हवे, पण ते गावातील तलावावर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली शिकता येते. कुटुंबाने सर्व विचारांती तलावच करायचे ठरवले, तर चार फुटी कुंपण, आपोआप मिटणारे फाटक आणि वापर नसताना घालायचे आच्छादन यांवर काटकसर करू नये. लहान मूल बुडायला अगदी थोडे पाणी आणि अगदी थोडा वेळ पुरतो.

शोभेच्या कमळकुंडाबाबतही तेच. उघड्या, स्थिर पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डासांची पूर्ण पिढी तयार होते. त्यावर सर्वत्र सुचवला जाणारा उपाय म्हणजे गप्पी मासे सोडणे. ते अळ्या खातात, म्हणूनच सोडतात. जैन घराला हा उपाय सुचवणाऱ्या डिझायनरचा दोष नाही; त्याला कोणी सांगितलेलेच नसते. दगडांवरून ओघळून लगेच खालच्या बंद टाकीत नाहीसे होणारे पाणी तोच आवाज देते. पक्ष्यांसाठी ठेवलेले परळ रोज सकाळी रिकामे करून घासले, की डासांना तेथे घर करायला वेळच मिळत नाही.

हिरवळीवर घरोघरी वाद होतो. हजार चौरस फूट लॉनला कडक उन्हाळ्यात दिवसाला सुमारे पाचशे लिटर पाणी लागते, आठवड्याला कापणी लागते, हुमणी लागली की फवारणी सुचवली जाते. एवढे करून घरातील व्रतस्थ माणसे हिरव्या गवतावर पाय ठेवत नाहीत, आणि मुनिमहाराज किंवा साध्वीजी दारी आल्यास त्यांना त्यावरून येता येत नाही. म्हणजे सर्वांत महाग जागेवर घरातील सर्वांत आदरणीय माणसे उभीच राहू शकत नाहीत. रांगणाऱ्या-धावणाऱ्या मुलांसाठी वीस बाय वीस फूट हिरवळ पुरेशी आहे. बाकीच्या जागी दाबलेला मुरूम, शहाबादी फरशी किंवा घासून गुळगुळीत न केलेला दगड असावा. फाटकापासून मागील दारापर्यंत एक सलग, कोरडी, गवत न उगवणारी वाट ठेवणे हा आराखड्यातील पहिला नियम करावा. या वाटेला दर मीटरला एक-सव्वा सेंटिमीटर उतार दिला, की पावसाळ्यात पाणी साचत नाही आणि शेवाळ धरत नाही. काळी माती असलेल्या गावांत मात्र वरवर फरशी टाकून भागत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि फरशी उचलून टाकते. ती खणून काढून खाली मुरूम भरून धुम्मस करावा लागतो. या खर्चाची ओळ अंदाजपत्रकात नसेल तर ती का नाही, हे विचारावे.

रिसॉर्टच्या छायाचित्रात जेवण नेहमी रात्री, दिव्यांच्या माळांखाली असते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराला ती मांडणी उपयोगी नाही. त्यांची बाहेर बसून जेवण्याची वेळ साडेपाच ते साडेसहाची. मे महिन्यात त्या वेळी ऊन चांगलेच तापलेले असते आणि तिरपे, जवळजवळ आडवे येते. वर छत कितीही चांगले केले तरी ते त्याखालून आत शिरते. म्हणून जेवणाचा मांडव शक्यतो घराच्या पूर्वेला घ्यावा, जेथे संध्याकाळी घराचीच सावली पडते. मागची बाजू पश्चिमेलाच असेल, तर मांडवाच्या पश्चिम आणि वायव्य बाजूला उभी जाळी करून मधुमालती किंवा जाई चढवावी. डिझायनरला घराच्या जेवणाची वेळ सांगणे हे रंग-दगड निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

रात्रीचे दिवे थोडे, गुडघ्याच्या खाली, प्रकाश जमिनीकडे वळवलेले आणि पिवळसर असावेत. पांढऱ्या, निळसर छटेच्या प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात. झाडावर खालून मारलेले झोत दिसायला भव्य, पण सकाळी त्या दिव्याच्या काचेवर काय पडलेले असते ते ज्याने पाहिले आहे, त्याला अधिक सांगावे लागत नाही. पहिल्या वळवाच्या संध्याकाळी, वाळवीचे पंखवाले किडे उडतात त्या दिवशी, बागेतील सगळेच दिवे बंद ठेवण्याची एक वेगळी कळ असावी.

झाडांच्या निवडीत रिसॉर्टची नक्कल सर्वांत महाग पडते. तेथील फॉक्सटेल पाम ऑस्ट्रेलियाचा, सुपारीसारखा दिसणारा अरेका आणि पंख्यासारखी पाने पसरणारा ट्रॅव्हलर्स पाम मादागास्करचे. त्यांना किनाऱ्याची दमट हवा मानवते, मिरज-सोलापूरचा कोरडा मार्च नव्हे. कुंपणाला झटपट वाढणारा कोनोकार्पस कोणी सुचवला तर नकार द्यावा. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. त्यापेक्षा बहावा, कांचन, पाणी थोडे बरे असेल तर तामण, जेवणाच्या मांडवाजवळ बकुळ आणि सोनचाफा, खिडकीखाली कुंती व अनंत. शुष्कता सहज सोसणारा पांढरा चाफा मंदिराच्या आवारात इतका रुळला आहे की तो मूळचा मध्य अमेरिकेचा, हे सांगूनही पटत नाही.

अशोकाची गोष्ट वेगळीच आहे. अष्ट प्रातिहार्यांतील अशोकवृक्ष म्हणून पुष्कळ श्रावक हौसेने ‘अशोक’ आणतात आणि नर्सरीतून घरी येतो तो सरळसोट, खांबासारखा वाढणारा आसूपालव. खरा सीता-अशोक हळू वाढतो, कोवळेपणी त्याला थोडी सावली आणि ओल लागते, आणि फुलतो तेव्हा खोडालाच केशरी गुच्छ लगडतात. पावतीवर शास्त्रीय नाव लिहून घ्यावे ते अशा वेळी. कीड कमी लागणारी झाडे निवडणे हीच सर्वांत सोपी अहिंसा. गुलाबाचा ताटवा आणि जास्वंदीचे कुंपण केले की मावा आणि पिठ्या ढेकूण येणारच, आणि मग कडुनिंबाचा अर्क ‘नैसर्गिक’ म्हणून फवारला जातो. नैसर्गिक असला तरी तो कीटकांना मारण्यासाठीच फवारतात.

प्लॉटवर आधीचा कडुनिंब किंवा चिंच उभी असेल, तर तलावाला आड येते म्हणून ती काढण्याचा विचार करू नये. नागरी भागात खासगी जागेतील झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्षसंरक्षण कायदा ते सांगतो. शिवाय तयार सावली विकत मिळत नाही. बाग तिच्याभोवती आखावी.

या सगळ्यात घरातील स्त्रियांना कोणी विचारले आहे का, हे डिझायनरच्या दुसऱ्या बैठकीत कळते. पहिल्या बैठकीला बहुधा पुरुषच बसतात. दुसऱ्या वेळी चहा घेऊन आलेल्या थोरल्या सूनबाई उभ्याउभ्या विचारतात, ‘वाळवण कुठं घालायचं?’ चातुर्मासापूर्वी वर्षाचे पापड, सांडगे, शेवया करणाऱ्या घराला एप्रिल-मेमध्ये कडक उन्हाची, धूळ न उडणारी, स्वयंपाकघरातून दिसणारी जागा लागते. कारंज्यांचा तोच बारा फुटी चौक सकाळपासून दुपारपर्यंत वाळवणाला देता येतो. मुलांची पाळी त्यानंतरची. धुण्याची दोरी, भांड्यांची मोरी आणि झाडू-बादल्या यांसाठी सहा फूट रुंदीची एक पट्टी जाळीआड काढावी, आणि मोरीचे पाणी केळीकडे सोडावे. पट्टी छायाचित्रात येत नाही, पण ती नसली तर सहा महिन्यांत दोरी सोनचाफ्याला बांधलेली दिसते.

कामाचे वेळापत्रक पंचांग पाहूनच आखलेले बरे. खोदाई, टाक्या, वाहिन्या आणि फरसबंदी ही कामे हिवाळ्यापासून वैशाखापर्यंत आटोपावीत. जमीन कोरडी असते आणि तिच्यात जीवजंतूंचा वावर कमी असतो. मृगाचा पाऊस पडून माती निवली की झाडे लावावीत. पावसाळ्यात पुन्हा कुदळ चालवू नये. आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी डिझायनरला छत्री घेऊन बोलवावे, सगळ्या बागेतून एकदा चालायला लावावे. पाणी कोठे थांबते, पन्हळीचे तोंड टाकीकडे खरेच वळले आहे की शेजाऱ्याच्या भिंतीकडे, ते त्या अर्ध्या तासात दिसते; शेवटच्या हप्त्याचा धनादेश त्यानंतर लिहावा.